मुक्या अक्षरांची साक्ष

ध्वनिक्षेपकासमोर बसलेल्या मनुष्यानें ‘राइट’ असा एकच शब्द उच्चारला, तर घरोघरीं रेडिओपाशीं बसलेल्या श्रोत्यांनीं त्याचा अर्थ काय घ्यावा? ‘बरोबर’ असा घ्यावा कीं ‘उजवा’ असा? ‘लिहिणें’ असा घ्यावा कीं ‘धार्मिक विधि’ असा? कानाला येथें कांहींच निर्णय करतां येत नाहीं. तोच शब्द कागदावर उतरला म्हणजे मात्र डोळ्याला क्षणांत उलगडा होतो. आर-आय-जी-एच-टी असें लिहिलें असेल तर उचित किंवा उजवा; डब्ल्यू-आर-आय-टी-ई असेल तर लिहिणें; आर-आय-टी-ई असेल तर विधि; आणि डब्ल्यू-आर-आय-जी-एच-टी असेल तर घडविणारा कारागीर. देवनागरींत हे चारहि शब्द लिहावयाचे म्हटले तर ‘राइट’ यापलीकडे जातां येत नाहीं. कानाला एक आणि डोळ्याला चार, असा हा प्रकार आहे.

शाळेंत जाणाऱ्या मुलाला याचें कौतुक वाटत नाहीं. त्याला याचा त्रास होतो. जें बोलावें तें लिहावें आणि जें लिहिलें असेल तें वाचावें, ही संवय त्याला बाराखडीनें लावलेली असते. ‘नाइफ’ या शब्दाच्या आरंभीं ‘के’ आहे तर तो बोलावयाचा कां नाहीं, आणि बोलावयाचा नाहीं तर लिहावयाचा तरी कशासाठीं, हा त्याचा प्रश्न अगदीं रास्त असतो. वडीलमाणसांजवळ मात्र ‘तें तसेंच पाठ करावयाचें असतें’ याहून निराळें उत्तर बहुधा नसतें. परंतु उत्तर आहे. हीं अक्षरें जन्मतः मुकीं नव्हतीं. त्यांपैकीं बहुतेक एके काळीं स्पष्टपणें बोलत होतीं. काळानें त्यांची वाचा नेली आणि लेखनानें त्यांचें शरीर राखलें. कांहीं थोडीं मात्र इंग्रजींत कधींच बोललीं नाहींत. तीं पंडितांनीं मागाहून आणून बसविलेलीं आहेत. खरा साक्षीदार कोणता आणि बनावट कोणता, हें ओळखतां आलें म्हणजे इंग्रजीचें स्पेलिंग हा भाषेचा जुना दफ्तरखाना आहे असें दिसूं लागतें.

आरंभीं त्या चार ‘राइट’चीच कुळकथा पाहावी. आर-आय-जी-एच-टी हा शब्द हजार वर्षांपूर्वीं इंग्लंडांत ‘रिख्त’ असा कांहींसा उच्चारला जात असे. त्याचा मूळ अर्थ ‘सरळ’. सरळ रेषा, त्यावरून सरळ वाट, त्यावरून सरळ वर्तन आणि शेवटीं न्याय्य हक्क, असा त्याचा अर्थ वाढत गेला. संस्कृतांतील ‘ऋजु’ हा शब्द याचाच दूरचा आप्त होय. याच्या उलट अर्थाचा ‘राँग’ हा शब्द उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेंतला. त्याच्या आरंभींचा डब्ल्यू आज मुका आहे. पिळणें या अर्थाचा, तशाच मुक्या डब्ल्यूचा ‘रिंग’ हा शब्द त्याच्याच कुळांतला असून ‘राँग’चा मूळ अर्थ पिळलेला, वांकडा असा आहे. म्हणजे नीति आणि अनीति या दोन थोर कल्पना इंग्रजांच्या पूर्वजांनीं सरळ व वांकडें या दोन साध्या आकारांवरून उचलल्या. ‘सरळ माणूस’ आणि ‘वांकडी वाट’ हे शब्द वापरणाऱ्या मराठी मनुष्याला त्यांत परकें वाटण्यासारखें कांहीं नाहीं.

डब्ल्यूनें आरंभ होणारें ‘राइट’ म्हणजे लिहिणें. याचें जुनें रूप ‘व्रीतान’ असें होतें आणि अर्थ होता ओरखडणें, कोरणें. रोमन लिपि येण्यापूर्वीं या लोकांजवळ रून नांवाची लिपि होती व तिचीं अक्षरें लांकडावर, हाडावर आणि दगडावर कोरीत असत. संस्कृतांतील ‘लिख्’ या धातूचा जुना अर्थहि ओरखडणें हाच. या दोन धातूंचें एकमेकांशीं रक्ताचें नातें नाहीं. पण हातांत टोकदार हत्यार घेऊन कठीण पृष्ठभागावर रेघा ओढण्याचें काम दोन्हीकडे एकच होतें, आणि तें काम शब्दांत राहून गेलें. तिसरा ‘राइट’, म्हणजे विधि, हा लॅटिन भाषेंतून धर्मोपदेशकांबरोबर आला. त्याच्या पूर्वजांत घशांतला ध्वनि नव्हता, म्हणून त्याच्या लेखनांत जी-एच नाहीं. चौथा ‘राइट’ म्हणजे कारागीर. काम या अर्थाच्या ‘वर्क’ या शब्दाचा हा भाऊबंद आहे. चाकें करणारा ‘व्हीलराइट’, जहाजें बांधणारा ‘शिपराइट’ आणि नाटक रचणारा ‘प्लेराइट’. या शेवटच्या शब्दाचें स्पेलिंग करतांना भलेभले चुकतात, कारण नाटककार हा लिहिणारा आहे असें ते धरून चालतात. शब्द मात्र म्हणतो कीं, तो सुताराप्रमाणें नाटक जोडणारा आहे. त्याच नाटकाच्या ‘कॉपीराइट’मध्यें हक्कवाचक ‘राइट’ आहे. हे दोन शब्द एकाच करारपत्रांत शेजारीं शेजारीं येतात, आणि त्यांच्यांतील भेद सांगण्याचें काम केवळ मुक्या अक्षरांकडे असतें.

या जी-एच जोडीची हकीकत विशेष मनोरंजक आहे. इसवी सन 597 मध्यें रोमहून धर्मोपदेशक केंट प्रांतांत उतरले आणि त्यांच्या मागोमाग रोमन लिपि इंग्लंडांत रुजली. परंतु इंग्रजींतील कांहीं ध्वनि लॅटिनमध्यें नव्हतेच. ‘ख’ आणि ‘ह’ यांच्या मधला, घशांतून घासत निघणारा एक ध्वनि त्यांपैकींच. मठांतील लेखकांनीं त्यासाठीं एच हें अक्षर योजिलें. पुढें 1066 सालीं नॉर्मंडीच्या विल्यमनें इंग्लंड जिंकलें आणि लेखनाची सूत्रें फ्रेंच वळणाच्या कारकुनांच्या हातीं गेलीं. पुढील शतकांत त्यांनीं इंग्रजी शब्दांना आपल्या रीतीचा पोषाख चढविला. ‘क्वीन’मधील जुन्या सी-डब्ल्यूच्या जागीं क्यू-यू आला, ‘हाउस’मध्यें ओ शिरला, आणि त्या घासत्या ध्वनीसाठीं जी-एच ही जोडी हळूहळू रूढ झाली. तेव्हां ती मुकी नव्हती. रात्रीला ‘निख्त’ आणि मुलीला ‘दोख्तर’ म्हटलें जात होतें. जर्मन माणूस आजहि रात्रीला ‘नाख्ट’ आणि मुलीला ‘टॉख्टर’ म्हणतो. स्कॉटलंडच्या बोलींत तर तो ध्वनि अजून ऐकूं येतो.

पंधराव्या शतकापासून सतराव्या शतकापर्यंत दक्षिण इंग्लंडच्या बोलींतून हा ध्वनि नाहींसा होत गेला. जातांना त्यानें दोन वाटा धरल्या. ‘नाइट’, ‘लाइट’, ‘एट’ यांसारख्या शब्दांत तो निव्वळ लोपला. ‘लाफ’, ‘कफ’, ‘रफ’, ‘इनफ’ यांच्या अंतीं मात्र त्याचा ‘फ’ झाला. ‘डॉटर’ आणि ‘लाफ्टर’ या दोन शब्दांत पहिलें अक्षर सोडून बाकीचीं सर्व अक्षरें सारखीं. तरी एकींत जी-एच गप्प आणि दुसऱ्यांत तो ‘फ’ होऊन हंसतो. निरनिराळ्या प्रांतांच्या बोलींनीं निरनिराळ्या वाटा धरल्या होत्या, आणि राजधानीच्या प्रमाण भाषेनें एक शब्द एकीकडून तर दुसरा दुसरीकडून उचलला, त्याचा हा परिणाम.

यावरून एक प्रसिद्ध विनोद निघाला आहे. जी-एच-ओ-टी-आय हीं अक्षरें ‘फिश’ अशीं वाचावीं, असें त्यांत सांगतात : ‘इनफ’मधला जी-एच म्हणजे ‘फ’, ‘विमेन’मधला ओ म्हणजे ‘इ’, आणि ‘नेशन’मधला टी-आय म्हणजे ‘श’. हा विनोद जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या नांवावर खपतो. परंतु तो 1855 सालच्या एका पत्रांत सांपडतो आणि शॉ यांचा जन्म 1856 चा आहे. विनोद चांगला असला तरी न्याय्य नाहीं. शब्दाच्या आरंभीं जी-एचचा ‘फ’ कधींच होत नाहीं, आणि शब्दाच्या अंतीं टी-आयचा ‘श’ कधींच होत नाहीं. म्हणजे या अराजकांतहि कायदा आहे. तो कायदा अक्षरांकडे पाहून समजत नाहीं, त्यांचा इतिहास पाहिला म्हणजे समजतो.

‘के’ आणि ‘एन’ या जोडीची साक्षहि अशीच खरी आहे. ‘नी’ म्हणजे गुडघा, ‘नो’ म्हणजे जाणणें, ‘नाइफ’ म्हणजे सुरी. या सर्वांतला ‘के’ शेक्सपियरच्या काळींहि बोलला जात होता आणि सतराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास तो थांबला. या जोडीचे दोन शब्द तर एकाच घरांतून निघून भिन्न गतीला गेले. ‘क्निख्त’ म्हणजे मुलगा, हाताखालचा पोऱ्या. आणि ‘क्नाव्ह’ म्हणजेहि मुलगाच. पहिला पोऱ्या राजाच्या पदरीं घोडेस्वार झाला, पुढें सरदार झाला, आणि आज त्याला ‘नाइट’ म्हणून सन्मानाची पदवी आहे. जर्मन भाषेंत मात्र त्याचा भाऊ ‘क्नेख्ट’ अजून नोकरच राहिला. दुसरा पोऱ्या चाकरींतच कुजला. मालकांनीं त्याला लबाड ठरविलें आणि ‘नेव्ह’ म्हणजे ठक असा अर्थ होऊन बसला. पत्त्यांच्या डावांत मात्र त्याचा जुना दर्जा टिकून आहे : राजा आणि राणी यांच्या खालीं उभा असलेला इंग्रजी ‘नेव्ह’ म्हणजेच मराठी घरांतला ‘गुलाम’. शब्दांचें भाग्य माणसांच्या भाग्याप्रमाणें बदलतें. जन्मखूण तेवढी बदलत नाहीं. या दोघांची जन्मखूण म्हणजे तो मुका ‘के’.

या जन्मखुणा किती दूरवर ओळखूं येतात, याचा प्रत्यय भारतांतच आला. 2 फेब्रुवारी 1786 रोजीं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटींत सर विल्यम जोन्स यांनीं असा विचार मांडला कीं, संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा, आतां कदाचित् अस्तित्वांत नसलेल्या, एका समान उगमांतून निघाल्या असाव्यात. आणि इंग्रजी ज्या कुळांतली आहे तें जर्मन कूळहि त्यांच्यांतलेंच असावें. पुढें 1822 सालीं याकोब ग्रिम यांनीं या नात्यांतील ध्वनिबदलांचे नियम पद्धतशीरपणें मांडले. त्या नियमांप्रमाणें संस्कृतांत जेथें कांहीं शब्दांत ‘ज’ दिसतो तेथें जर्मन कुळांत ‘क’ दिसतो. ‘जानु’ आणि ‘नी’, ‘ज्ञा’ आणि ‘नो’, ‘जन’ आणि आप्तवाचक ‘किन’ हीं जोडपीं त्यामुळेंच जुळतात. पहिल्या दोहोंतला ‘के’ लेखनांतून काढून टाकला असता, तर आजानुबाहु रामाचा गुडघा आणि इंग्रजाचा गुडघा हे एकाच शब्दाचे वंशज आहेत, हें सामान्य वाचकाला दाखविणें कठीण झालें असतें. जी-एचचेंहि तसेंच. ‘डॉटर’ म्हणजे ‘दुहिता’. ‘नाइट’ म्हणजे ‘नक्त’. ‘एट’ म्हणजे ‘अष्ट’. संस्कृत शब्दांच्या मधोमध ‘ह’, ‘क्’ व ‘ष्’ असे जे वर्ण आहेत, त्यांच्या जागीं इंग्रजींत ही मुकी जोडी उभी आहे.

‘लाइट’ या शब्दांत तर एकाच आसनावर दोन पाहुणे बसले आहेत. प्रकाशवाचक ‘लाइट’ हा संस्कृत ‘रुच्’, म्हणजे प्रकाशणें, या धातूचा आप्त. वजनानें हलका या अर्थाचा ‘लाइट’ हा ‘लघु’चा आप्त. जर्मन भाषेंत ते अजूनहि निराळे आहेत. इंग्रजींत मात्र उच्चार आणि अक्षरें दोन्ही सारखीं होऊन बसलीं. मराठींत त्याच ‘लघु’चा प्राकृतांत वर्णविपर्यास होऊन ‘हळू’ आणि ‘हलका’ हे शब्द आले. हलक्या पावलानें हळू चालणाऱ्या मराठी मनुष्याच्या तोंडीं आणि इंग्रजाच्या तोंडीं येथें एकच प्राचीन शब्द आहे.

मग उच्चार बदलला तेव्हां लेखन कां बदललें नाहीं? याचें मुख्य कारण छापखाना. 1476 सालीं विल्यम कॅक्सटन यानें लंडनजवळ वेस्टमिन्स्टर येथें इंग्लंडांतला पहिला छापखाना घातला. त्या वेळीं देशांत एकवाक्यता नव्हती. 1490 सालच्या एका प्रस्तावनेंत कॅक्सटननें एक प्रसंग सांगितला आहे. कांहीं व्यापारी थेम्स नदीवर वाऱ्याअभावीं अडकले व केंटच्या किनाऱ्यावर उतरले. त्यांच्यांतल्या एकानें एका बाईजवळ ‘एग्स’ म्हणजे अंडीं मागितलीं. बाई म्हणाली कीं, तिला फ्रेंच येत नाहीं. तो रागावला, कारण त्यालाहि फ्रेंच येत नव्हतें. शेवटीं दुसऱ्यानें ‘आयरेन’ मागितलीं, तेव्हां तिला समजलें. पहिला शब्द नॉर्स वळणाचा आणि दुसरा जुन्या इंग्रजीचा. अशा स्थितींत छापणाऱ्यानें कोणतें रूप घ्यावें, हा कॅक्सटनपुढें खरा प्रश्न होता. त्यानें व त्याच्या मागून आलेल्यांनीं लंडनकडचीं रूपें घेतलीं आणि तीं खिळ्यांत पक्कीं बसलीं. नेमक्या याच काळांत इंग्रजीचे दीर्घ स्वर आपापल्या जागा सोडून सरकत होते आणि जी-एच मावळत होता. बोलणें पुढें चालत राहिलें; शिशाचे खिळे जागच्या जागीं राहिले. कॅक्सटननें फ्लँडर्समध्यें अनेक वर्षें काढलेलीं असल्यामुळें तिकडच्या लेखनाची छायाहि इकडे पडली. ‘घोस्ट’ म्हणजे भूत. या शब्दांत मुळांत एच नव्हता, तो छापखान्याच्या मार्गानें आला.

येथून बनावट साक्षीदारांचा आरंभ होतो. सोळाव्या शतकाच्या सुमारास लॅटिन विद्येचा मान वाढला, आणि इंग्रजी शब्दांचें कुलीनत्व दिसावें अशी पंडितांना हौस झाली. ऋण या अर्थाचा शब्द फ्रेंचांकडून ‘डेट’ असा साधा आला होता; त्याचा लॅटिन पणजोबा ‘डेबितुम’ होता म्हणून त्यांत बी बसविला. संशयवाचक ‘डाउट’मध्येंहि तसाच बी आला, आणि ‘रिसीट’मध्यें पी आला. येथें निदान वंशावळ तरी खरी होती. बेट या अर्थाच्या ‘आयलंड’मध्यें मात्र वंशावळच खोटी. तो अस्सल जुना इंग्रजी शब्द. लॅटिन ‘इन्सुला’पासून आलेल्या ‘आइल’शीं त्याचा संबंध नाहीं. दोन्ही शब्द जवळजवळ सारखे ऐकूं येतात एवढ्यावरून एकाचा एस दुसऱ्याच्या पोटांत घातला गेला. ‘डिलाइट’ म्हणजे आनंद. हा फ्रेंचमधून आला, त्यांत घशांतला ध्वनि कधींच नव्हता. ‘लाइट’च्या शेजारानें त्याला जी-एच चिकटला. ‘कुड’मधला एल हा ‘वुड’ आणि ‘शुड’ यांचें अनुकरण करून आलेला. 1598 सालीं छापलेल्या ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’ या नाटकांत शेक्सपियरनें एक पंतोजी रंगविला आहे. लोक ‘डाउट’ आणि ‘डेट’ बीशिवाय उच्चारतात आणि ‘नेबर’मधला जी-एच गिळतात, म्हणून तो चिडतो. प्रेक्षक त्याला हंसत. खरें म्हणजे त्याच्या दोन तक्रारींपैकीं एक खरी होती आणि एक खोटी : जी-एच खरोखर मरत होता, पण बी इंग्रजींत कधीं जगलाच नव्हता.

1755 सालीं सॅम्युअल जॉन्सन यांचा कोश निघाला आणि या सर्वांवर शिक्का बसला. एकाच लॅटिन कुळांतल्या ‘रिसीट’ला पी राहिला आणि ‘डिसीट’ला मिळाला नाहीं, त्या काळचा तो न्याय आजहि चालूं आहे. त्यानंतर सुधारणेचे प्रयत्न झाले. अमेरिकेंत नोआ वेब्स्टर यांनीं 1828 च्या कोशांत नांगरवाचक ‘प्लाउ’ थोडक्या अक्षरांनीं लिहावा असें सुचविलें, आणि तें तिकडे टिकलें. 1906 सालीं राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं सरकारी छापखान्याला तीनशें शब्द सोप्या रीतीनें लिहिण्याचा हुकूम केला. त्या वर्षाच्या अखेरीस लोकप्रतिनिधींच्या विरोधामुळें तो मागें घ्यावा लागला. शॉ यांनीं 1950 सालीं निधनापूर्वीं केलेल्या मृत्युपत्रांत नव्या वर्णमालेसाठीं पैसा ठेवला. 1962 सालीं त्यांचें एक नाटक त्या वर्णमालेंत छापलेंहि गेलें. पण लोकांनीं ती स्वीकारली नाहीं. सुधारकांची बाजू खोटी होती असें नव्हे. मुलांची वर्षें पाठांतरांत जातात, हें दुःख खरें आहे. परंतु उच्चाराप्रमाणें लिहावयाचें तर उच्चार कोणाचा धरावयाचा, लंडनचा, एडिंबरोचा कीं बोस्टनचा, या प्रश्नाला त्यांच्याजवळ उत्तर नव्हतें.

शिवाय उच्चाराप्रमाणें चालणाऱ्या लिपींतहि मुकी साक्ष असतेच. ‘ज्ञ’ या अक्षरांत ज् आणि ञ आहेत. मराठी मनुष्य त्याचा उच्चार ‘द्न्य’ करतो, हिंदी मनुष्य ‘ग्य’ करतो, आणि लेखन मात्र दोघांचें एकच राहतें. ‘चहा’ आणि ‘चमचा’ यांतील च एकाच रूपानें लिहिले जातात आणि दोन तऱ्हांनीं बोलले जातात. ज्ञानाच्या ‘ज्ञ’कडे पाहावें आणि मग ‘नो’च्या मुक्या ‘के’कडे पाहावें : एकाच धातूच्या दोन वंशजांनीं आपापला जुना ध्वनि गमावला आणि आपापलें जुनें अक्षर राखलें.

इंग्रजी शब्दांच्या या दफ्तराची पद्धतशीर तपासणी 1857 सालीं लंडनच्या फायलॉलॉजिकल सोसायटीच्या ठरावापासून सुरू झाली. 1879 पासून त्या कोशाचें संपादन जेम्स मरे यांच्याकडे आलें. हजारों स्वयंसेवकांनीं पाठविलेल्या चिठ्ठ्यांवरून प्रत्येक शब्दाचें प्रत्येक शतकांतलें रूप त्यांनीं लावलें. पहिला भाग 1884 सालीं निघाला, आणि मरे 1915 सालीं वारले तरी काम 1928 सालीं पुरें झालें. मरे हे दक्षिण स्कॉटलंडांतले. इंग्लंडांत मुका झालेला जी-एच त्यांच्या गांवच्या बोलींत जिवंत होता. रात्रीला तेथील लोक ‘निख्त’च म्हणत. ज्या अक्षराला विद्यार्थी निरर्थक म्हणून खोडूं पाहतो, त्याचा आवाज त्या कोशकाराच्या कानांत लहानपणापासून होता.